हिंमतरावची सावली

आमच्या बुढ्याचं, म्हणजे माह्या नवऱ्याचं, नाव हिंमतराव कोणं ठेवलं, त्याले मले एकदा भेटाच आहे. माणूस सापाले भेत नाही, अन् सावलीले भ्याला!

अर्पिता आमची धाकली लेक. बारावी झाली, आता आभाळाचं शास्त्र शिकायले संभाजीनगरले जातो म्हणते. भाकरी थापता थापता मले कृष्णविवर सांगते. मोठा तारा मेला का असा आकसते म्हणे, त्याच्यातून उजेडबी बाहेर निघत नाही. मी म्हटलं, "मंग ते दिसते कसं वं?"

"दिसत नाही माय. आजूबाजूचे तारे कसे फिरतात, त्यावरून समजते."

भाकर जळली तरी मले ऐकतच राहावं वाटते.

अन् बुढ्यानं अचानक तिचं लग्न काढलं. मंगळवारी बीबी गावचे पाहुणे पाहायले येणार. एवढी घाई काऊन, विचारू विचारू थकली. शेवटी मी त्याच्यापुढचं जेवणाचं ताट ओढून घेतलं, तवा बोलला.

मागच्या मे महिन्यात भरदुपारी लाईन आली म्हणून तो मोटर चालू करायले वावरात गेला. एरवी त्या वख्ताले लिंबाखाली घोरत असते. वांग्यात उभा राह्यला, पाहते तं आपली सावलीच नाही! ज्याची सावली पडत नाही तो वरसाच्या आत जाते, असं त्याची आजी सांगे. तसाच घराकडं पळाला. वरीस भरत आलं. "मी गेल्यावर पोरीचं कोण पाहीन?" म्हणे, अन् ढसाढसा रडला. वरीसभर माणूस एकटाच मरून राह्यला होता, अन् मले वाटे याच्या अंगात आळस भरला.

अर्पिताले सांगितलं तं ती हसली नाही. "मे महिन्यातच नं?" म्हणे. "परवा सगळे वावरात चाला."

वावरात तिनं लोखंडी सब्बल सरळ उभी गाडली. सूर्य आपल्या गावाच्या बरोब्बर डोक्यावर वरसातून दोनदा येते म्हणे, उत्तरेकडं जाताना, म्हणजे आज, अन् परत येताना. परत येते तवा पावसाचं आभाळ राह्यते, म्हणून कोणाले पत्ता लागत नाही.

बारा वाजले. सब्बलीची सावली होतीच. बुढा उठला.

"पाह्य. सगळ्याईची आहे. माह्यीच गेली होती."

चेहरा पार उतरला. मी त्याचा हात धरून खाली ओढला, "बसा चुपचाप!"

"घड्याळाचे बारा साऱ्या देशाचे एकच, बाबा," अर्पिता म्हणाली. "आपल्या सूर्याचे जरा मागून वाजतात."

सावली बोटभर राह्यली, मंग नखाएवढी, मंग गेली! तिनं आमाले उभं केलं. माह्यी पायाखाली, बुढ्याची पायाखाली. बकरीची तं पोटाखालीच गोळा झाली. अगं माय! अंगावर काटा आला माह्या. एवढा मोठा सूर्य, अन् नेमका आमच्या वांग्यावर येऊन उभा!

बुढा पोरीच्या पायाकडं पाहे, माह्या पायाकडं पाहे. मंग मटकन खाली बसला.

"म्हणजे मले अजून जगा लागते?"

"लागते नं!" मी म्हटलं, अन् मले रडूच फुटलं.

त्यानं डोळे पुसले अन् तिथूनच बीबीले फोन लावला. "येऊ नका मंगळवारी. पोरगी शिकून राह्यली. नाही, नाही, घाई नाही आता. मी आहे नं अजून."