ॲशलोच्या चर्चपाशी

इंग्लंडच्या पश्चिम सीमेवरच्या विचकोट गावात महिन्यातल्या एका रविवारी काही लोक मिळून पायी फिरायला निघत. वाट गोल. गावच्या पबपासून निघायचं, पाणंदीतून आणि शेतांच्या बांधांवरून दोन-तीन खेडी पालथी घालायची आणि वळसा घेऊन पुन्हा पबच्याच दारात यायचं. तिथे भाजलेलं मटण आणि बटाटे तयार असत. या मंडळींच्या पुढे चालायची ऑड्री टनिक्लिफ. टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, साठीची, काटक बाई. तिला वेळेत पोचायचं वेड होतं. उशीर झाला तर पबचं स्वयंपाकघर बंद होई, आणि मग सगळे तिच्याकडे बघत.

मार्चमधल्या त्या रविवारी सिरिल बेब पहिल्यांदाच आले. ऐंशीच्या घरातले. त्यांची बायको नोरा बरीच वर्षं या मंडळींबरोबर चालायची; ती हिवाळ्यात गेली. सिरिल तिचीच लोकरी टोपी घालून आले होते. कुंपण ओलांडायची लाकडी पायरी आली की ते थांबत. कोकरू दिसलं की थांबत. मग म्हणत, "नोरा सांगायची इथलं."

"सिरिल, जरा पाय उचला हो," ऑड्री पहिल्यांदा हसून म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हसली नाही.

वाटेतल्या ॲशलो खेड्याच्या चर्चपाशी पोचेपर्यंत बाकीची मंडळी पुढच्या शेतात दिसेनाशी झाली होती. सिरिल भिंतीला टेकून धापा टाकत होते. ऑड्रीने घड्याळ पाहिलं.

"तुम्ही असं करा, या बाकावर बसा. परत येताना घेऊन जाऊ तुम्हाला."

तोंडातून शब्द सुटले तेव्हाच तिला ठाऊक होतं, की वाट गोल आहे आणि ॲशलोला परत येणं नाही. जेवण झालं की गाडी घेऊन येईन, असं तिने मनाशी म्हटलं. पण ते त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग मी चालतोच हळूहळू.

"बसतो की," सिरिल म्हणाले. "तू हो पुढे, पोरी."

पबमध्ये शेकोटी पेटली होती. ऑड्रीची जुनी मैत्रीण डिलिस इकडेतिकडे बघून म्हणाली, "सिरिल कुठं राहिले गं?"

"थकले होते. ॲशलोत कुणी ओळखीचं भेटलं, त्यांनी गाडीतून घरी सोडलं."

"बरं झालं बाई. नोरा गेल्यापासून पार खंगलाय माणूस."

थाप इतकी सहज निघाली की ऑड्री स्वतःच दचकली. पण ताट समोर आलं आणि ती जेवायला लागली. ती विसरली असं काही म्हणता येणार नाही. आठवण यायची आणि ती आणखी एक बटाटा वाढून घ्यायची, मग भांडं डिलिसकडे सरकवायची. आता उठलं तर डिलिस विचारणार, कुठं निघालीस? मग गोड पदार्थ आला, मग चहा, मग गावच्या जत्रेचा विषय निघाला. खिडकीवर बर्फाळ पाऊस तडतडायला लागला तेव्हा ती उठली. कुणाला न सांगता बाहेर पडली आणि गाडी काढून ॲशलोला गेली.

चर्चपाशी बाक रिकामा होता, ओला. समोरच्या घराचं दार उघडलं आणि एक दांडगी बाई हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"तुम्हीच का त्या म्होरक्या?"

"हो. ते..."

"आत आहेत. पाऊस लागला तरी उठायला तयार नाहीत. मी म्हटलं, आजोबा, या वाटेनं कुणी परत येत नसतं, घरी सोडू का? तर म्हणे, नको, ती मला शोधत येईल. हाताला धरून ओढून आणलं. मेंढरू मागे राहिलं तरी माणूस आधी बघायला येतो, बाई."

ऑड्री मान खाली घालून आत गेली. स्वयंपाकघरात सिरिल पाय गरम पाण्याच्या टबात घालून बसले होते. ओठ निळसर. तिला बघून हसले.

"आली बघा. मी म्हटलं नव्हतं?"

तिने त्यांना गाडीत बसवलं. वाटेत ती म्हणाली, "सिरिल, ही वाट परत इथून येत नाही."

"ठाऊक आहे मला. नोरा घरी आली की सगळी वाट सांगायची."

"मग बसलात कशाला?"

"तू बस म्हणालीस ना. उठून गेलो असतो आणि तू आली असतीस, तर तुझ्या जिवाला घोर लागला असता."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर ऑड्रीला बरं वाटलं असतं. तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "मी तुम्हाला फसवलं. तुम्ही मला नकोसे झाला होतात." सिरिलनी नोराची टोपी कानांवर ओढून घेतली. म्हणाले, "घरी चल, पोरी. थंडी वाजतेय."

त्यांना ताप भरला, तो काही दिवसांनी उतरला. ऑड्री रोज सूप घेऊन जायची. ते दार उघडत, आभार मानत, डबा घेत आणि दार लावत. आत या, असं एकदाही म्हणाले नाहीत.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी पबच्या दारात मंडळी जमली तेव्हा तिने सगळं सांगितलं, थापसुद्धा. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं. शेवटी डिलिस म्हणाली, "माझ्या तोंडावर खोटं बोललीस, आणि वर बटाटे माझ्याकडे सरकवलेस."

"हो."

"आज मी पुढे चालते," डिलिस म्हणाली आणि पाणंदीला लागली. मंडळी तिच्यामागे निघाली. ऑड्री घरी जावं की काय म्हणून क्षणभर घुटमळली. मग चेहरा तापलेला असतानाच, सगळ्यांच्या मागून चालू लागली.