कुर्सोंगचा रंगीत तक्ता

आम्हा लेपचांत लग्नाची बोलणी तोंडीच होतात. दोन्हीकडचे म्हातारे चुलीशी बसतात आणि पिढी सांगितली की मक्याचा एक दाणा पुढे सारतात. बापाकडून नऊ आणि आईकडून चार पिढ्यांत नातं निघता कामा नये. पण कुर्सोंग पडला मास्तर, त्यात गंगटोकला शिकलेला. स्वतःच्या लग्नासाठी दोन्ही घराण्यांचा रंगीत तक्ताच करून घेऊन आला. सासुरवाडीत मिरवायला, दुसरं काय!

मुलीचा मामा अझुक तक्त्यावर बोट फिरवत वर वर गेला. सहाव्या पिढीवर बोट थांबलं.

"हा ताक्से शिकारी तुझाही पूर्वज आणि आमच्या सोंगमितच्या बापाचाही? मग ही तुझी बहीण झाली रे मास्तर! भेट म्हणून आणून बांधलेलं डुक्कर सोडा आणि घरी न्या."

कुर्सोंगचा चेहरा पडला. ज्यानं खड्डा खणला तोच आत.

तेवढ्यात सोंगमित स्वयंपाकातून बाहेर आली. "मामा, थांबा जरा. मास्तर, तुझ्या बाजूला ताक्सेखाली निमफू लिहिलंय, तो मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"मग बापाच्या कुळात कशी?"

"शाळेच्या दाखल्यावर तसंच लिहितात."

"निमफू कुठे शाळेत गेली होती? आपल्यात मुलगे बापाच्या कुळाचे, मुली आईच्या. एवढंही विसरलास?"

मामानं मिशीवरून हात फिरवला. "बाईकडून आलेलं नातं आईकडचं, म्हणजे चारच पिढ्या, आणि ताक्से तर सहावा. पण निमफूच्या आईचं नाव नि कुळ सांगा, तर मानीन."

सगळे तक्त्यावर वाकले. मी मोजले : एक्केचाळीस पुरुष, बायका तीन. त्यातली एक कुर्सोंगची आई.

मास्तर म्हाताऱ्यांची घरं पुजायला निघाला. त्यानं आंबवलेल्या नाचणीच्या छांगचा वाडगा संपवल्याशिवाय कोणतीही आजी तोंड उघडीना. पाचव्या घरी नाव मिळालं. परतताना त्याला कुंपण धरावं लागलं.

"रोंगकित! कुळ... कुळ पण वेगळं!"

"शुद्धीत आहेस ना?" मामा हसत म्हणाला आणि त्यानं मास्तरच्या गळ्यात मानाचं उपरणं, पांढरा खादा, घातला.

"उरलेल्या बायकाही लिहून आण," सोंगमितनं पेन्सिल त्याच्या हातात दिली. "मगच तारीख."

बातमी फिरली. त्याच संध्याकाळी गावातल्या साऱ्या आज्यांनी नाचणी आंबवायला घातली.