शिकतो की शिकवतो

हरिबाने इन्कमटॅक्स कचेरीच्या पायरीवरच वहाणा काढल्या, तेव्हा बाळासोने बापाला त्या परत घालायला लावल्या. इथे कुणी काढत नाही, असं त्याने हळूच सांगितलं. हरिबाला काही ते पटलं नाही. सरकारने ज्या पोराला नाव घेऊन बोलावलं, त्याच्या बापाने वहाणा घालून आत शिरायचं म्हणजे काय? पण पोरगा कॉलेजातला, त्याला जास्त कळत असणार, म्हणून तो गुमान ऐकता झाला.

हरिबा आटपाडीकडून घोंगडी विकायला सांगलीला आला होता आणि नेमकं त्याच दिवशी बाळासोला साहेबांचं बोलावणं होतं. खोलीवर पडून राहा, गणपतीला जाऊन या, असं पोराने नाना परीने सुचवून पाहिलं. पण त्यांच्या गावात आजवर इन्कमटॅक्स लागलेला माणूस झाला नव्हता. हरिबाला हा सोहळा डोळ्यांनी बघायचाच होता. बाळासोची मात्र पाचावर धारण बसली होती.

त्याला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, तेव्हा हरिबाने चावडीपुढे चार माणसांत सांगून टाकलं होतं, की आता शिकणं पुरे. नोकरी लागली तर सांगलीत राहायचं, नाहीतर मुकाट्याने मेंढरांमागे यायचं. त्याच सुमारास बाळासोला फेलोशिप मिळाली. कृष्णाकाठची रानं पाणी पाजून पाजून खारवत चालली होती, त्या मातीवर संशोधन करायचं होतं. गावी गेल्यावर त्याने सांगितलं, कॉलेजात शिकवतो. ते निव्वळ खोटंही नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकलं तो घ्यायचा. 'शिकतो'मध्ये त्याने एक 'व' घातला, एवढंच. त्या 'व'च्या आडोशाला चार वर्षं निघाली. धाकटा ज्ञानू शाळा सोडून मेंढरांमागे हिंडत होता, ते आठवलं की बाळासोला घास गोड लागत नसे. आता प्रबंधाचं शेवटचं वर्ष उरलं होतं.

आणि कॉलेजातल्या कारकुनाने घोळ घातला. फेलोशिप आणि रसायनांसाठी मिळालेली रक्कम, दोन्ही एकत्र करून त्याने पगाराच्या रकान्यात बसवली आणि कर कापून मोकळा झाला. ते निस्तरायला बाळासो इथे आला होता.

साहेब कोरेगावकडचे, शांत गृहस्थ होते. दारात उभा असलेला म्हातारा त्यांना दिसला, आणि त्यांनी चांगुलपणाने नको तेच केलं.

"बाबा, उभे का? आत या, बसा."

हरिबा खुर्चीच्या कडेला टेकला. साहेबांनी कॉलेजचे कागद चाळले.

"तुम्ही प्रॅक्टिकल घेता, असं इथं लिहिलंय. हे पैसे त्या कामाचे असतील तर तो पगार झाला, त्यावर कर लागणार. शिक्षण घेण्यासाठी दिलेले असतील तर ती शिष्यवृत्ती. तिला करातून सूट आहे." त्यांनी पेन उचललं. "तेव्हा तुमच्याच तोंडून सांगा. तुम्ही तिथं शिकता की शिकवता?"

बाळासोने बापाकडे बघायचं टाळलं. शिकवतो म्हणावं तर कापलेले पैसे गेलेच, वर फेलोशिपही जाणार, कारण पगारी माणसाला ती मिळत नाही. शिकतो म्हणावं तर उद्या सकाळी बापाबरोबर एसटीत बसावं लागणार. प्रबंधाचं वर्ष दोन्हीकडून हातचं जात होतं. मग निदान खोटं तरी कशाला, असं त्याला वाटलं.

"शिकतो, साहेब." साहेबांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला पुन्हा बोलावं लागलं. "अजून शिकतोच आहे. शिकवण्याचे पैसे मला कुणी देत नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. मार्गदर्शकांचा दाखला आणून द्या, कापलेला कर परत मिळेल, असं बरंच काही ते सांगत राहिले. बाळासोच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. हरिबाने उठून साहेबांना रामराम केला.

स्टँडपर्यंत दोघं चालत गेले. स्टँडसमोरच्या हॉटेलात हरिबाने दोन चहा सांगितले आणि आपला चहा बशीत ओतून तो फुंकत बसला. बाळासोला आता राहवेना.

"आबा, चुकलं माझं."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय? कवापासनं?"

"लय दिस झालं." हरिबाने बशी खाली ठेवली. "आपल्या शेजारचा गुंडा एष्टीत कंडक्टर हाय. घरला आला की पाणी प्यायच्या आधी डेपोतल्या सायबाला शिव्या घालतोय. तू चार वर्सं शिकवतो म्हणतोस, पर तुज्या तोंडनं सायबाला एक शिवी कवा ऐकली न्हाई. असली नोकरी जगात असती व्हय रं?"

बाळासोने हातातला कप खाली ठेवला.

"मग बोलला का न्हाईसा?"

"चार माणसांत शबुद दिल्याला. मला ठावं हाय म्हनलं असतं, तर तुला घरला आनाय लागलं असतं." हरिबाने मिशीवरचा चहा पुसला. "म्हनून मला ठावं नव्हतं."

बाळासोला एकदम भरून आलं. चार वर्षं आपण बापाला फसवतोय, या विचाराने त्याची झोप उडत होती, आणि बाप तिकडे न कळल्याचं सोंग घेऊन मेंढरं राखत होता. त्याने मान खाली घालून चहाचा कप उगाचच फिरवला.

"किती ऱ्हायलंय आजून?" हरिबाने विचारलं.

"वरीसभर."

"मंग ह्या बारीला गावाकडं आलास की चावडीम्होरं जरा सायबाला शिव्या घाल. लोकास्नी संशेव याय लागलाय."

बाळासोला हसू फुटलं आणि डोळेही पुसावे लागले. ज्यांना शिव्या घालायच्या ते त्याचे मार्गदर्शक. टायफॉइडमध्ये त्यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. तरी त्याने घसा खाकरून एकदा प्रयत्न केला.

"आमचा सायब... लय कडक हाय."

हरिबाने मान हलवली.

"ही काय शिवी झाली?" तो म्हणाला. "गुंडाकडं जाऊन शीक जरा."