खुर्चीवरचे कपडे

“अहो, तो डिझेलचा बोळा आधी बाहेर टाका! घर आहे की गॅरेज?” मी ओरडले.

आमचे हे बसडेपोत मेकॅनिक. दुपारी जेवायला घरी आले होते. माझं ऐकतील तर शपथ! बोळा बशीत ठेवून त्यांनी ती मुलाच्या बंद दाराशी सरकवली.

“त्याचं नाक मंदावलंय, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना?”

त्या म्हणाल्या होत्या एवढंच, की स्किझोफ्रेनियात कधीकधी वास नीट ओळखता येत नाहीत, माणसंही नकोशी होतात. दोन्हींमागे हार्मोन्सचा काही हात आहे का, याचा अजून शोध चालू आहे. गोळ्या मात्र चुकवू नका. यांनी त्यातलं नाक तेवढं उचललं. नाक जागं झालं की पोरगा बाहेर येईल, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. लसूण झाला, फिनेल झालं, टर्पेंटाइन झालं.

मी चिडायचे, पण अडवलं कधी नाही. पोरगा कितीतरी महिने खोलीतच जेवत होता. भरलेलं ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं. टेबलाशी त्याची खुर्ची रिकामी बघवेना, म्हणून मी तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग रचायला लागले होते.

यांनी बूट काढले, मोजे तिथेच पोराच्या दाराशी भिरकावले आणि जेवायला बसले. दोन घास झाले असतील नसतील, कडी वाजली. पोरगा नाक दाबून दारात उभा!

“बाबा, हे मोजे आहेत की मेलेला उंदीर?”

यांचा घास हातातच राहिला. “आणि डिझेल?”

“कुठलं डिझेल? आधी मोजे बाहेर टाका. मग बसतो मी.”

बसतो म्हणाला! हे मोजे चिमटीत धरून असे निघाले, जसं काही बक्षीस मिळालंय. परत आले ते डोळे पुसतच.

“बघितलंस? सगळे हरले. शेवटी माझेच मोजे!”

“मिरवा आता गावभर,” मी म्हणाले, आणि मलाच रडू फुटलं.

पोरगा खुर्चीपाशी थांबला. “आई, कपडे.”

मी ढीग उचलला. आत ठेवून यावं, तर तेवढ्यात हा परत फिरला तर? मी जागची हलले नाही. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, स्वतःच्या हाताने. त्याचं जेवण होईपर्यंत मी तो ढीग मांडीवर घेऊन बसले होते.