अठराव्या नंबरची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. काळं मेणकापड, वरखाली दोन काठ्या, टांगायला सुतळी. बस्स, एवढाच माझा थाट! ऋतुजाबाईंनी मला बी.एड.च्या सराव पाठांसाठी नारायण पेठेतून आणलं. पुढे त्या वाघोलीच्या शाळेत चौथीला शिकवू लागल्या आणि नोकरी सांभाळून एम.एड.लाही बसल्या. सकाळी शाळा, दुपारी स्कूटरवरून थेट कर्वेनगरचं कॉलेज. मी आपला त्यांच्या पायांशी, धूळ खात. पण बाईंची जिद्द पाहून मला भारी अभिमान वाटायचा.

एम.एड.ला प्रबंध लागतो. बाईंनी विषय घेतला, गोष्टींतून वाचन. हजेरीतल्या विषम नंबरांची मुलं रोज माझ्यावर लिहिलेली गोष्ट वाचणार; सम नंबरांची मुलं तेवढा वेळ व्हरांड्यात नेहमीचं पुस्तकच. शेवटी दोघांची परीक्षा घेऊन फरक मोजायचा.

मुक्ताईचा नंबर अठरा. तिचे आईवडील यवतमाळकडून बांधकामावर आलेले. चौथीत असूनही तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. गोष्ट सुरू झाली की ती दारातून माझ्याकडे बघत राही.

"बाई, आमचा नंबर कधी?"

"प्रबंध झाला की लगेच, हं."

बाईंच्या जिवाला ते लागलं. त्यांनी मार्गदर्शक अनिरुद्ध सरांना विचारलं, "सर, एकीलाच गोष्टीच्या गटात घेतलं तर?"

"अहो, मग प्रबंध कशाला लिहिता? पुण्यच करा की!" सर म्हणाले.

बाईंनी गट होते तसेच ठेवले. आणि फळ्याला कोण विचारतो?

पाच महिन्यांनी फरक दिसला, चांगला ठसठशीत. विषम नंबरवाली पोरं धडाधड वाचू लागली. बाईंनी आठवडाभर रजा काढली, तोंडी परीक्षा दिली, कौतुक झालं, पदवी पक्की झाली. परत येताच त्यांनी मला स्वच्छ पुसलं, मोठ्या अक्षरांत गोष्ट लिहिली आणि हाक मारली, "सम नंबर, पुढे या!"

अठरा नंबर आलाच नाही. इमारत पुरी झाली होती. मुक्ताईचं बिऱ्हाड चार दिवसांपूर्वीच हललं होतं. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई मुलांसमोरच रडल्या. "मी मोजलेल्या फरकात ती होती रे," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, मला नाही जपलंत तरी चालेल. मेणकापड आज ना उद्या फाटणारच. पण शिकायला आलेल्याला 'नंतर' म्हणू नका. आणि तुमच्या वर्गात मुक्ताई नावाची नवी मुलगी आली, तर तिला शेजारी बसवून गोष्ट वाचायला घ्या. तिला सांगा, तुझा नंबर लागला होता गं, फक्त चार दिवस उशिरा.