पवित्र गुरुवारचे पाय

आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाळक बारा जणांचे पाय धुतात, आणि ते बारा जण घरूनच पाय धुऊन येतात. नवख्या माणसाला यात विसंगती दिसेल. आम्हाला शंभर-सव्वाशे वर्षांत दिसली नव्हती. येशूच्या शिष्यांचे पाय धुळीने भरलेले होते हे खरं, पण त्यांना पूर्वसूचना नव्हती. आमच्याकडे यादी महिनाभर आधी फळ्यावर लागते. त्यामुळे नागपुरात एप्रिलमध्ये डांबर वितळत असताना आमचे बारा शिष्य वजरीने टाचा घासून, पावडर लावून, पांढऱ्या मोज्यांत हजर होत. पाळक चमचाभर पाणी ओतत, टॉवेल टेकवत. टॉवेल कोराच राही आणि पुढच्या वर्षी तोच निघे.

यादीतली खुर्ची माणूस वर गेल्याशिवाय रिकामी होत नसे. शांतवन सोनोने पोस्टातून निवृत्त झाले, आजोबा झाले, त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, तरी चौदा वर्षं त्यांचा नंबर तेरावाच होता. यंदा मात्र दाविदराव खंडारे यांनी जिवंतपणी खुर्ची सोडली. बावीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसलेला हा माणूस. गुडघे दुखतात, अशी चिठ्ठी त्यांनी कमिटीला पाठवली. खुर्चीवर बसायला गुडघे कशाला लागतात, हे विचारायला शांतवनराव थांबले नाहीत. ते थेट सदर बाजारातल्या एका पार्लरमध्ये गेले.

"पाचशे रुपये पायाले?" त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी मिशन दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती आणि पाय पुष्कळ पाहिले होते. "लग्नात तरी एवढे घासले होते का?"

"लग्नात पाळक पाय धूत नाही वं."

पाळक यंदा नवीन होत्या. रोशनी मॅडम गेल्या जूनमध्ये आल्या. आजवरच्या पाळकांना आम्ही 'साहेब' म्हणत आलो, त्यामुळे यांना काय म्हणायचं यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. तोवर मॅडम मंडळीतल्या सगळ्या आजारी माणसांच्या घरी जाऊन आल्या होत्या. त्यांनी उपदेश पन्नास मिनिटांवरून पंधरावर आणला. त्यामुळे उपदेशात झोप पुरी होत नाही, अशी तोंडी तक्रार आली. लेखी द्यायला कोणी तयार झालं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बारा जण वेदीपुढच्या बारा खुर्च्यांवर बसले. चपला बाकांखाली, मोजे खिशात. पहिल्या खुर्चीवर शांतवनरावांचे पाय ट्यूबलाइटखाली चमकत होते. मॅडमनी परातीत पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आता उठा. त्या रात्री येशू खुर्चीवर नव्हता, जमिनीवर होता. तुम्ही मंडळीतून एकेकाला बोलवा, खुर्चीवर बसवा आणि त्याचे पाय धुवा."

शांतवनराव मॅडमजवळ गेले.

"मॅडम, मी चौदा वर्षं थांबलो जी."

"माहीत आहे, सोनोनेकाका."

"मंग हे पुढच्या वर्षीपासून करा ना. मले एकदा बसू द्या फक्त."

"काका, दरवर्षी पुढच्याच वर्षीपासून करायचं ठरत आलं असेल."

शांतवनरावांनी निघून जायचा विचार केला. पण चपला पाचव्या बाकाखाली होत्या, आणि पाचव्या बाकावर चारुशीलाबाई होत्या. ते थांबले. धुवायचेच आहेत तर चर्चमधले सगळ्यात स्वच्छ पाय धुवावेत, असा हिशेब त्यांनी केला, आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या दाविदरावांपुढे जाऊन उभे राहिले.

"चला, दाविदभाऊ."

"नको गा. दुसऱ्या कोणाले ने."

"बावीस वर्षं बसले तवा लाज नाही वाटली. आता माह्या हातानं धुवाले काहून नको? मी पोस्टमन होतो म्हून का?"

"शांतवन, मी हात जोडतो."

ती नम्रता नव्हती, हे शांतवनरावांना कळलं नाही. त्यांनी दंड धरला आणि भाऊंना जवळजवळ ओढतच पुढे आणलं. दाविदराव लंगडत आले, पहिल्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटून राहिले. लोकांना वाटलं, प्रार्थना करताहेत.

शांतवनरावांनी गुडघे टेकले आणि उजवा मोजा ओढला. तो निघेना. चिकटला होता. निघाला तेव्हा अत्तराच्या वासाखालून दुसरा वास आला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं आणि तळव्याला रुपयाएवढी जखम होती.

"वर पाहू नको," दाविदराव पुटपुटले. "पाणी टाक आन मोजा चढव."

"कवापासून आहे हे?"

"दोन महिने. शुगरचं आहे."

"कोणाले सांगतलं?"

"कोणाले सांगू? पोरगा पुण्याले. अन् इथं... ह्या पायाले बावीस वर्षं पाळकानं हात लावला गा. लोक काय म्हणतीन?"

शांतवनरावांनी तांब्या उचलला.

"पाणी लावू नका!" पाचव्या बाकावरून आवाज आला. चारुशीलाबाई चर्चमध्ये कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्या चष्मा सावरत पुढे आल्या, वाकल्या आणि पाय उलटा करून पाहिला. "तांब्या ठेवा खाली. कोरा टॉवेल द्या. भाऊ, बोट हलते का? नाही हलत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या लागते."

टॉवेल खरंच कोरा होता. चारुशीलाबाईंनी तो गुंडाळला, शांतवनरावांनी पाय मांडीवर धरला. आजूबाजूला बाकीचे अकरा जण आपापली माणसं खुर्चीत बसवून, तांबे घेऊन थबकले होते. मग त्यांच्यातल्या एकाने खुर्चीतल्या झाडूवाल्या रुख्मिणीबाईंना हळूच विचारलं, "तुमच्या पायाले काही लागलं तर नाही ना?" तिथून पुढे सगळेच आधी विचारू लागले आणि मग पाणी ओतू लागले. अशी उपासना आमच्या पुस्तकात कुठेही छापलेली नाही. कमिटीतल्या कोणालाही तिच्यावर हरकत घेता आली नाही, आणि हेही पहिल्यांदाच घडत होतं.

मॅडमनी रिक्षा बोलावली. मग शांतवनरावांजवळ उकिडव्या बसून म्हणाल्या, "काका, भाऊंबरोबर काकू आहेत, मीही कोणाला तरी पाठवते. तुम्ही बसा. तुमचे पाय मी धुते. चौदा वर्षं झाली."

पहिली खुर्ची समोर होती; भाऊ उठले की ती रिकामी होणार होती. शांतवनरावांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, असं जवळचे लोक सांगतात. दाविदराव म्हणाले, "बस गा. मी जातो."

"तुम्ही चूप बसा, भाऊ." शांतवनरावांनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि ते उठले. "मॅडम, पायऱ्यांवरच्या लोकायले जरा बाजूला व्हायले सांगा जी. ह्यायचा पाय टेकला नाही पाह्यजे."

आणि दुपारी वितळलेल्या, अजून पोळणाऱ्या डांबरावरून, अनवाणीच, ते त्यांना रिक्षापर्यंत घेऊन गेले.