मालकाच्या रकान्यातलं नाव

वहीवाला माणूस बाजाराच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून आपल्याकडेच येतोय हे दिसलं आणि मासनियाहने हातातला साचा खाली ठेवला.

बंजरमासीनच्या नदीकाठच्या बाजारात ती बावीस वर्षं बिंगका विकत होती. नारळाचं दूध आणि अंडी फेटून, फुलाच्या आकाराच्या साच्यात ओतून, वर-खाली निखारे ठेवून भाजलेला गोड केक. तिचा गाळा दोनदा पाण्यात गेला होता, नवरा तारमिजी अचानक गेला होता, आणि प्रत्येक वेळी ती पदर खोचून उभी राहिली होती. पण वहीची तिला भीती वाटे. त्याला कारणही होतं. लहानपणी ती आईच्या गाळ्यावर केळीची पानं पुसत बसायची, तेव्हा असाच एक माणूस आला होता. गोड बोलला. नाव, वय, धंदा किती दिवसांचा, सगळं विचारून गेला. आईने खरं ते सांगितलं, वर चहाही पाजला. पंधरा दिवसांनी माणसं आली, वहीतून एकेक नाव पुकारत गेली आणि पुकारलेला गाळा मोडत गेली. ज्यांनी नावं सांगितली नव्हती त्यांचेही गाळे मोडलेच, पण मासनियाहच्या कानात बसला तो आईच्या नावाचा पुकारा.

आजचा माणूस बाजार कचेरीतला शाहरानी होता. सोबत जावाहून आलेली एक मुलगी होती, रेत्नो, विद्यापीठाची पाहणी करणारी. तिच्या हातात टॅबलेटची काचेची पाटी होती.

शेजारच्या गाळ्यावर सुकी मासळी विकणारी जुमियाह पुटपुटली, "सांभाळून गं. आधी नाव, मग कर, मग हातोडा."

"आचिल, घाबरू नका," मुलगी म्हणाली. आचिल म्हणजे मावशी, एवढं ती दोन दिवसांत शिकली होती. "पुष्कळ देशांत हेच प्रश्न विचारतात. धंदा करणारी माणसं कोण, किती वयाची, किती शिकलेली, बाया किती, पुरुष किती."

"आणि काय निघतं त्यातून?" जुमियाहने नाक खुपसलं.

"श्रीमंत देशांत काहीतरी नवं सुचलं म्हणून धंदा काढणारे जास्त, त्यातही पुरुष जास्त. आपल्यासारख्या देशांत बाया जवळजवळ बरोबरीने असतात, आणि बऱ्याच जणी दुसरं काही मिळालं नाही म्हणून."

"हे शोधायला समुद्र ओलांडून आलीस? इथे उभी राहून मान वळवली असतीस तरी दिसलं असतं."

शाहरानीसुद्धा हसला. मासनियाहला हसू आलं नाही. तिचं लक्ष त्याच्या पेनाकडे होतं.

"वय?"

"पासष्ट," मासनियाह म्हणाली. ती त्रेपन्नची होती. म्हातारीचा गाळा कोण मोडेल, असा तिचा हिशेब.

"शिक्षण?"

"काही नाही." सहावीपर्यंत झालं होतं.

"गाळ्याचा मालक कोण?"

"इजाई," तिच्या तोंडून निघून गेलं. "माझा दीर. मी आपली नुसती बसते."

आपलं नाव वहीत नको, एवढंच तिला सुचलं होतं. जुमियाहची सुरी मासळीवर थांबली. शाहरानीने मालकाच्या रकान्यात लिहिलं, इजाई. मुलीचा चेहरा जरा उतरला, कारण पुढचे प्रश्न मालकालाच विचारायचे होते. तरी जाता जाता तिने एक बिंगका घेतला, पैसे दिले आणि हात पुढे केला.

मासनियाहने पुडी धरली ती धरलीच. बंजर लोकांच्या बाजारात वस्तू हाती देताना विकणारा म्हणतो 'विकलं' आणि घेणारा म्हणतो 'घेतलं'. पैसे पोचले तरी हे दोन शब्द झाल्याशिवाय सौदा पुरा होत नाही, आणि पहिला शब्द उच्चारायचा हक्क मालकाचा. आता म्हणावं तर वहीसमोर खोटं उघडं पडणार. न म्हणावं तर, बावीस वर्षांत एक तुकडादेखील तिने शब्दावाचून दिला नव्हता. जावाच्या पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिने पुडी आपणच काढून घेतली. ती "बरं, येते" म्हणून निघून गेली आणि मासनियाहला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

नवव्या दिवशी इजाई आला. केसांना तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कचेरीचं पत्र.

"वहिनी, तुम्ही माझं नाव घातलंत! मला तर वाचताना भरून आलं. भाऊ गेल्यावर कुणी माझा एवढा विचार केला नव्हता."

जुना बाजार हलवायचा म्हणून पलीकडे पक्की इमारत बांधली होती. वहीतल्या मालकांना तिथे गाळे मिळणार होते. इजाईच्या वाट्याला चौदा नंबर आला होता, अगदी दाराजवळचा. इजाई वाईट माणूस नव्हता. पक्षी विकून झाले, फोनची कार्डं विकून झाली, होडीचा धंदा एका हंगामात बुडवून झाला, तरी त्याचा स्वतःवरचा विश्वास तसूभर कमी झाला नव्हता.

"मोबाइलची कव्हरं लावतो तिथे. संधी आहे, वहिनी. अशी पुन्हा येत नाही."

"आणि माझे बिंगके?"

"घरी करा की हौसेने. आता दगदग कशाला? पासष्ट झाली तुम्हाला, पत्रातच आहे. मला वाटत होतं पन्नाशीच्या असाल."

मासनियाहने हिशेब लावला. नवऱ्याने लुबाडलं नाही, सावकाराने नाही, पुराने नाही. स्वतःच्या जिभेने गाळा देऊन बसली होती, आणि ज्याला दिला तो तिला दुवा देत होता.

त्या आठवड्यात ती तीनदा कचेरीच्या पायरीपर्यंत गेली आणि तीनदा परत फिरली.

"अगं, आत जा, चुकले म्हण," जुमियाह म्हणाली.

"खोटी माहिती देणाऱ्याला शिक्षा होईल, असं भिंतीवर लिहिलंय."

"थुंकू नका असंही लिहिलंय. बघ जरा त्या भिंतीकडे."

जुमियाहला थट्टा सुचत होती. मासनियाहला नाही. गाळा गेला तर ती कोण उरणार होती, दिराच्या घरातली एक म्हातारी? आणि खरं सांगितलं तर काय करतील? आईच्या वेळी खरंच तर सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी गाळ्यांवर मालकांच्या नावांची पडताळणी होती. शाहरानीने आल्या आल्याच बजावलं, "आज जे ठरेल ते कायम. नंतर रडत यायचं नाही." रेत्नो त्याच्या मागे होती. इजाई मासनियाहच्या स्टुलावर बसला होता आणि ती बाजूला उभी होती, पाहुण्यासारखी.

तेवढ्यात बहरून नावाचे हाजी आले. दर शुक्रवारी बिंगका नेणारं जुनं गिऱ्हाईक. इजाईने लगबगीने पुडी बांधली आणि पुढे केली.

"विकलं, हाजीसाहेब!"

हाजींनी हात पुढे केला नाही. त्यांनी इजाईकडे पाहिलं, मग मासनियाहकडे.

"माल कुणाचा?"

"माझाच. चौदा नंबर. कागद आहे," इजाई म्हणाला.

"कागद मला खायचा नाही. आईच्या नावाने आज घरी दुवा आहे, माणसं जेवायला येतील. त्यांच्या पानात मी संशयाचा घास वाढणार नाही. ज्याचा माल आहे त्याने विकलं म्हणावं, मग मी घेतलं म्हणेन. मासनियाह, तू बोल."

मासनियाहने वर पाहिलं. शाहरानीची वही उघडी होती, पेन टेकलेलं होतं. इजाई तिच्याकडे झुकला, अगदी मायेने.

"बोला ना, वहिनी. माझी परवानगी आहे."

परवानगी! पहाटेच्या अंधारात फुंकून फुंकून निखारे फुलवायचे तिने, हात भाजायचे तिचे, आणि एका शब्दाची परवानगी इजाईची. भीती कमी झाली नाही. पण त्या भीतीखाली कुठेतरी राग पेटला आणि त्या रागाने तिचं तोंड उघडलं.

"मला परवानगी नको. माल माझा आहे. गाळाही माझाच आहे. विकलं!"

"घेतलं," म्हणून हाजींनी पुडी घेतली आणि ते चालू लागले. त्यांना उशीर होत होता.

शाहरानीने चष्मा वर केला. "मग त्या दिवशी?"

"खोटं सांगितलं. तुमच्या वहीची भीती वाटली."

"आणि आज?"

"आजही वाटते."

शाहरानीने वहीचं पान उलटलं. मग त्याने इजाईच्या नावावर रेघ मारली. "वय?"

"त्रेपन्न."

"पंधरवड्यात बारा वर्षांनी लहान झालात. इथे सही करा. की तेही येत नाही?"

तिने सावकाश, एकेक अक्षर लावत नाव लिहिलं. रेत्नो पाटी काढून तिच्याजवळ सरकली. "आचिल, एक प्रश्न राहिला होता. नुकसान होईल या भीतीने धंदा करू नये असं वाटतं का?"

"रोज पहाटे वाटतं. तोवर निखारे पेटवून झालेले असतात." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, त्या दिवशीचा बिंगका तू खाल्लास, पण तो मी विकला नव्हता. आता म्हणते. विकलं."

रेत्नोने क्षणभर हाजी गेले त्या वाटेकडे पाहिलं. "घेतलं," ती म्हणाली.

"थांबा, संपलं नाही," शाहरानी म्हणाला. "रेघ मारली की नाव तीनदा पुकारावं लागतं. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा." तो फळ्यांच्या वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने आवाज चढवला. "मासनियाह! चौदा नंबर!"

तोच पुकारा. तसाच लांबवलेला. मासनियाहने गाळ्याचा खांब घट्ट धरला. आता हातोडे येतील असं तिला खरोखरच वाटलं. सगळा बाजार इजाईकडे बघत होता. त्याच्या हातात पत्र होतं.

"मासनियाह! चौदा नंबर!"

इजाईने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मासनियाह! चौदा नंबर!"

इजाई उठला. शर्टाच्या बाहीने त्याने स्टूल पुसलं आणि तिच्याकडे सरकवलं. "खरंच पासष्टच्या असतात, तर आराम करा म्हणून मी भांडलो असतो," तो मान खाली घालून म्हणाला.

मासनियाहने खांब सोडला.

"ओ," ती म्हणाली. गाळा मोडला त्या दिवशी, पुकाऱ्याला आईही एवढंच म्हणाली होती.